लेकीच्या घरच्या घासाची कहाणी

ऐक गे वाटजाई, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, डोंगराच्या अल्याड होतं. तिथं एक बाई राहत होती. तिचं नाव ठकूबाई. नवरा लवकर गेला, शेत दिरांनी घेतलं, पदरात एक लेक राहिली. ठकूबाई कपाळाला हात लावून बसली नाही. रानातून बांबू आणले, चिरले, पळसाची पानं आणली, लोकांसाठी इरली विणायला लागली. इरलं म्हणजे पावसाचं घर, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. ठकूबाईच्या इरल्यात थेंब शिरत नसे. त्यावर घर चाललं. कुणाकडं ताक मागितलं नाही, कुणाच्या चुलीतला विस्तव आणला नाही. लोक म्हणत, ठकूबाई ताठ आहे. ती म्हणे, असेन. वाकून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

लेकीचं नाव हौसा. हौसा मोठी झाली, मग तिला डोंगराच्या पल्याड दिली. घर बरं होतं, माणसं बरी होती, जावई कमी बोलणारा होता. लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. मग सगळ्या आया म्हणतात तेच ठकूबाई म्हणाली. काय म्हणाली? लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं पाणी पिणार नाही. रीतच तशी आहे. नातवंड मांडीवर येईपर्यंत आईबापानं लेकीच्या घरचं खाऊ नये, पिऊ नये. पण बाकीच्या आया हे हळू म्हणतात, डोळे पुसता पुसता म्हणतात. ठकूबाई मांडवाच्या मधोमध उभी राहिली, खणखणीत म्हणाली. चार गावच्या माणसांनी ऐकलं. विहिणीनं ऐकलं. हौसानंही ऐकलं.

दोन्ही गावांच्या मधे घाट होता. उजाडता निघावं, दिवेलागणीला पोचावं, एवढी वाट. घाटमाथ्यावर खिंड, खिंडीत जांभळीचं झाड, झाडाखाली शेंदूर फासलेला दगड. तीच वाटजाई. तिचं मागणं थोडं होतं. तिला नारळ नको, कोंबडं नको, खण नको. वाटसरूनं तिच्यापुढं शिदोरी सोडावी, पहिला घास तिला ठेवावा, मग आपण खावं, मग घाट उतरावा. घास कुठला? ज्या घरून निघालात, त्या घरचा. असं का? तर मागचं घर माणसाला पुढच्या घरी पोचवतं. हे त्या वाटेवरच्या पोरासोरांना ठाऊक होतं. ठकूबाईलाही ठाऊक होतं.

दर श्रावणात ठकूबाई लेकीला भेटायला जाई. एकटी जाई, चालत जाई. जाताना भाकऱ्या बांधून नेई, जायच्या वेगळ्या, यायच्या वेगळ्या. पाण्याचा तुंबा भरून नेई. हौसाच्या ओटीवर बसे, आपलं फडकं सोडी, आपली भाकरी खाई, आपल्या तुंब्यातलं पाणी पिई. पहिल्या वर्षी हौसा म्हणाली, आये, ताक तरी घे. ठकूबाई म्हणाली, नेम म्हणजे नेम. हौसा रुसली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, आये, गुळाचा खडा तरी घे. ठकूबाई म्हणाली, नेम म्हणजे नेम. हौसा रडली. तिसऱ्या वर्षापासून हौसानं म्हणायचं सोडलं. आई आली की उठून आत जाई, चुलीपुढं बसे, नसलेला धूर डोळ्यांत गेला असं म्हणे.

परतीच्या वाटेवर ठकूबाई खिंडीत बसे. आपल्याच घरची, दोन दिवसांची कडक भाकरी मोडी, देवीपुढं घास ठेवी, पुढं जाई. देवीनं एकदा चालवून घेतलं, दोनदा चालवून घेतलं, पुष्कळ वर्षं चालवून घेतलं. देवीला आपल्यापेक्षा धीर जास्त असतो.

हौसाला मूल झालं नाही. वैद झाले, अंगारे झाले, वडाला सूत झालं. मूल नाही. पाणवठ्यावर बाया कुजबुजत. म्हणत, हिच्या आईनंसुद्धा हिच्या घरचं पाणी टाकलंय. हौसा घागर भरे, डोक्यावर घेई, घरी येई. ऐकलं नाही असं दाखवी. रोज दाखवायचं म्हणजे सोपं काम नाही.

एका श्रावणात बांगड्या भरणाऱ्या कासाराबरोबर हौसाचा निरोप आला. आये, ये. या वेळी उशीर करू नको. ठकूबाईनं निरोप ऐकला, भाकऱ्या भाजल्या, तुंबा भरला, इरलं घेतलं, निघाली. संध्याकाळी पोचली. हौसानं आईचे पाय कोरडे केले, ओटीवर घोंगडी अंथरली.

सकाळ झाली. विहीण ओटीवर येऊन बसली. विहीण वाईट नव्हती. तोंडाची तिखट होती, एवढंच. पानाला चुना लावता लावता तिनं सांगितलं, मुलाला दुसरी करतोय. पोर पाहिली आहे, हाडापेरानं चांगली आहे. आज संध्याकाळी तिचा बाप येईल, सुपारी फुटेल. हौसाला घराबाहेर काढणार नाही, तिच्या भाकरीला तोटा नाही. पण घराला दिवा हवा.

ठकूबाई ताडकन बोलली, "माझी लेक जिवंत असताना तुम्ही घर रिकामं म्हणता?"

विहिणीनं पान तोंडात टाकलं. चावलं. मग म्हणाली, "मी कुठं म्हणते विहीणबाई? तुम्ही म्हणता. इतकी वर्षं तुम्ही माझ्या ओटीवर बसून आपला तुंबा तोंडाला लावता. सगळा गाव बघतो. तुमच्या लेकीचं घर तुम्हीच घर धरलं नाही, मग मीच काय पाप करते?"

ठकूबाईला उत्तर सापडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सापडलं नाही. मग काय केलं? उत्तर नसलं की ताठ माणूस करतं तेच केलं. उठली. फडकं बांधलं, तुंबा खांद्याला लावला, इरलं डोक्यावर घेतलं. हौसा दारात आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली गरम भाकरी होती. तिनं हात पुढं केला. ठकूबाई म्हणाली, संध्याकाळची सुपारी मला बघवायची नाही, मी जाते. भाकरीकडं पाहिलं नाही. पायरी उतरली.

पाऊस पडत होता. सर असती तर थांबली असती. ही झड होती, श्रावणातली, धरून बसलेली. वर आभाळ नाही, खाली जमीन नाही, सगळं एकाच राखेच्या रंगाचं. ठकूबाईनं वहाणा हातात घेतल्या, काठी टेकत चालू लागली. शेताचे बांध फुटलेले, वाटेवरून पाणी चाललेलं. माणूस वर चढतंय, पाणी खाली येतंय, दोघांनी एकमेकांना वाट द्यायची नाही असं ठरवलेलं. कातळावर शेवाळ होतं, तिथं बसून सरकली. पऱ्ह्याला कमरेइतकं पाणी होतं, तिथं काठी रोवून पार झाली. पायाला जळवा लागल्या, त्या तंबाखू लावून काढल्या. मनात एकच चालू होतं. ही बाई मला बोलली. मला बोलली. माझ्या तोंडावर मला बोलली.

दुपारच्या सुमारास खिंडीत पोचली. जांभळीखाली टेकली. फडकं सोडलं. आपली भाकरी काढली, ओली गच्च झाली होती. मोडली, घास देवीपुढं ठेवला. पावसाचा लोट आला, घास वाहून गेला. ठकूबाई म्हणाली, घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे. उरलेली भाकरी खाल्ली आणि घाट उतरू लागली.

उतरली, उतरली. धुकं एवढं की काठीचं टोक दिसेना. मग पाय चढाला लागले. तिला नवल वाटलं, इथं चढ कुठला? चढली. धुकं जरा विरलं. समोर जांभळीचं झाड. झाडाखाली शेंदराचा दगड. ठकूबाई म्हणाली, बरं. पावसात माणूस चुकतं.

तिथं एक गवत कापणारी उभी होती. कमरेला विळा, डोक्यावर भारा. तिनं पुसलं, "कुठून आलीस बाई?"

"घरून."

"चाललीस कुठं?"

"घरी."

गवतवाली हसली. म्हणाली, "घरून घरी जायला घाट कशाला लागतो? बसायचं होतंस ओसरीवर." आणि भारा सावरून धुक्यात गेली.

ठकूबाईला राग आला. राग आला की तिचे पाय जोरात चालत. भराभर उतरली. करवंदीची जाळी ओळखीची, ती डाव्या अंगाला घेतली. दुभंगलेला खडक ओळखीचा, त्याच्या उजव्या अंगानं गेली. वाट हीच, आपण हिच्यावर लहानाचे मोठे झालो असं म्हणत उतरली, उतरली, उतरली. पाय पुन्हा चढाला लागले. समोर जांभळीचं झाड. झाडाखाली शेंदराचा दगड.

आता ती घाबरली. चकवा लागला हे तिनं ओळखलं. चकवा म्हणजे काय हे डोंगरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाट असते, पाय असतात, जाणं नसतं. पाऊस इरल्यातून गळू लागला होता. तिच्याच हातच्या इरल्यातून. गारठ्यानं दात वाजत होते.

झाडापाशी दुसरी बाई होती. ओहोळाच्या काठी वाकून टाकळ्याची पानं खुडत होती, ओच्यात टाकत होती. मान वर न करता तिनं पुसलं, "कुठून आलीस बाई?"

ठकूबाईला मघाचं हसणं आठवलं. म्हणाली, "पल्याडच्या गावाहून."

"गावात कुणाकडून?"

"विहिणीकडून."

"विहिणीनं शिदोरी दिली नाही?"

"मी घेतली नाही."

बाईनं पानं झटकली. म्हणाली, "मग तू गावातून आलीस. घरातून नाही आलीस. गावातून गुरं येतात." आणि ओचा सावरून धुक्यात गेली.

तिसऱ्यांदा ठकूबाई वाकून वाकून चालली. वाटेला हात लावून चालली. दगड चाचपले, मुळं चाचपली, उताराचं पाणी जिकडं जाईल तिकडं गेली. पाणी तरी खोटं बोलणार नाही असं तिला वाटलं. पाण्यानं तिला नेलं, नेलं, आणि जांभळीच्या झाडाखाली आणून सोडलं.

आता तिथं एक म्हातारी बसली होती. अगदी म्हातारी. कपाळभर कुंकू, अंगावर इरलं नाही, घोंगडी नाही. भोवती पाऊस पडत होता, तिच्यावर पडत नव्हता. ठकूबाईनं तिला ओळखलं. काठी टाकली, चिखलात बसली.

म्हातारीनं पुसलं, "कुठून आलीस ठकू?"

ठकूबाई म्हणाली, "लेकीच्या घरून."

म्हातारी म्हणाली, आत्ता आलीस वाटेवर. मग पुसलं, लेकीनं काय दिलं? ठकूबाई म्हणाली, देत होती, मी घेतलं नाही. घास? नाही. पाणी? नाही. कधीच? कधीच नाही. का ग? तर नेम आहे.

"नेम कुणाचा?"

"देवाधर्माचा."

"मी देव आहे," म्हातारी म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही."



म्हातारी पुढं बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "त्या पोरीच्या हातचं तिचा नवरा जेवतो. सासू जेवते. शेतातला गडी जेवतो. दारातलं कुत्रं जेवतं. एक आई तेवढी जेवत नाही. मूल झालं की जेवणार म्हणतेस. म्हणजे तू पोरीच्या हातचं नाही, नातवाच्या हातचं जेवणार. मग पोर तुझी कोण?"

ठकूबाई म्हणाली, सगळ्याच आया असंच करतात. म्हातारी म्हणाली, करतात. त्यांतल्या निम्म्या माझ्या खिंडीत फिरतात. काही उतरतात, काही उतरत नाहीत. ज्या घरून माणूस निघालंच नाही, त्याला मी पोचवू कुठून? तू लेकीच्या दारात जाऊन आलीस, लेकीच्या घरी गेली नाहीस.

ठकूबाईनं विचारलं, मग आता काय करू? म्हातारी म्हणाली, मागं जा. ठकूबाई म्हणाली, कोणत्या तोंडानं जाऊ? भरल्या मांडवात बोलून बसले आहे. सकाळी विहिणीपुढून उठून आले आहे. तिथं आता सोयरे येऊन बसले असतील.

म्हातारी म्हणाली, "भुकेल्या तोंडानं जा. दुसरं तोंड तुझ्याकडं आहे कुठं?"

मग ठकूबाईनं काठी उचलली. पोटात खरोखर भूक होती. हात जोडले आणि वर पाहिलं, तर शेंदराचा दगड होता, पाऊस होता, म्हातारी नव्हती. ठकूबाई वळली. पल्याडच्या अंगानं उतरू लागली. धुकं तेवढंच होतं, पाऊस तेवढाच होता, चिखल तेवढाच होता. पण वाट वाटेसारखी चालली. पऱ्ह्याचं पाणी चढलं होतं, छातीइतकं झालं होतं. काठी मोडली. इरलं वाहून गेलं. तुंबाही गेला. ठकूबाई गेली नाही.

दिवेलागण झाली होती. हौसाच्या घरी ओटीवर समई लावली होती. पोरीचा बाप येऊन बसला होता, शेजारी जावई मान खाली घालून बसला होता, मधे पाट, पाटावर सुपारी, विहीण दाराशी उभी. नुकतं बोलणं संपत आलं होतं. तेवढ्यात पायरीवर ठकूबाई उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत पाणी. लुगडं चिखलानं माखलेलं. सगळ्यांना वाटलं, ही आता भांडणार. विहिणीनं पदर खोचला.

ठकूबाई भांडली नाही. ओटीवर बसलीसुद्धा नाही. ओटी ओलांडली, माजघर ओलांडलं, स्वयंपाकघरात गेली. चुलीपाशी हौसा पाठमोरी बसली होती. ठकूबाई तिच्या बाजूला भुईवर बसली, मांडी घातली.

"हौसा, भूक लागलीय ग. वाढ मला."

हौसानं आईकडं पाहिलं. ऐकलं ते खरं की काय, असं पाहिलं. मग म्हणाली, आये, पाहुण्यांचं गोडाधोडाचं आहे, ते सासूबाईंनी केलंय. माझ्या हातची नाचणीची भाकरी आहे आणि अळूचं फदफदं आहे. ठकूबाई म्हणाली, तुझ्या हातचंच हवं. हौसानं ताट घेतलं. फदफदं थोडं ताटाबाहेर पडलं. ठकूबाईनं घास मोडला, तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाली, "मीठ जरा जास्त झालंय."

हौसा म्हणाली, "सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं." आणि मग ती हसली. इतक्या वर्षांत आई तिला पहिल्यांदा मिठावरून बोलली होती. लेकीच्या स्वयंपाकाला नाव ठेवायला आधी तो खावा लागतो.

विहीण दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "विहीणबाई, नेम मोडला तुमचा."

"मोडला."

"मग नातवंड कुठं आहे?"

ठकूबाईनं दुसरा घास घेतला. म्हणाली, "नातवंड नाही. लेक आहे. मी लेकीच्या घरी जेवतेय. मला भूक होती, तिनं वाढलं, यापेक्षा भरलेलं घर मी पाहिलेलं नाही. तुम्हाला दुसरी करायची तर करा, मी अडवणारी कोण? पण घर रिकामं आहे म्हणून करू नका. आणि माझं नाव सांगून तर मुळीच करू नका."

हे बोलणं ओटीवर ऐकू गेलं. ठकूबाईचा आवाज तसाच होता, चार गावांना पुरणारा. ओटीवर पोरीचा बाप सुपारीकडं बघत राहिला. तोही लेकीचाच बाप होता, उद्या त्यालाही मांडवात उभं राहून तेच म्हणायचं होतं. त्यानं विचार केला. मग जावयाला विचारलं, आणि माझ्या पोरीला नाही झालं, तर तिसरी आणाल काय? जावयानं पाटावरची सुपारी उचलली आणि पाहुण्याच्या हातात परत ठेवली. मग उठला, आत आला. तांब्या भरला. सासूच्या ताटापाशी वाकून ठेवला. म्हणाला, मामी, पाणी. त्याचं त्या दिवसाचं बोलणं तेवढंच.

ठकूबाई तांब्यातलं पाणी प्याली. सगळं प्याली.

पाहुणा गोडाधोडाचं जेवून गेला, रागानं गेला नाही. विहिणीनं समई शांत केली. बायांनो, ती लगेच देवता झाली असं मी सांगणार नाही. आठ दिवस तिची भांडी जोरात वाजली. नवव्या दिवशी तिनं हौसाला हाक मारली आणि म्हणाली, उद्या मला माझ्या लेकीकडं जायचं आहे, दोन भाकऱ्या बांध. जायच्या तेवढ्याच बांध.

पण ते नंतर. ठकूबाई रात्री लेकीपाशी झोपली. सकाळी उठली. पाऊस थांबला नव्हता. देवी पावली म्हणजे पाऊस थांबतो असं नाही. हौसानं भाकरी बांधली, वर ठेचा ठेवला, कांदा ठेवला, सासऱ्याचं जुनं इरलं काढून दिलं. वेशीपर्यंत आली. म्हणाली, आये, पुढच्या खेपेला मीठ बेतानं घालीन. ठकूबाई म्हणाली, पुढच्या खेपेला मी बघेन. आणि निघाली.

तीच वाट. तेच फुटलेले बांध, तोच शेवाळाचा कातळ. पऱ्ह्या ओसरला होता, मांडीइतका होता. खिंडीत आली. जांभळीखाली बसली. हौसाची भाकरी मोडली, पहिला घास वाटजाईपुढं ठेवला. पाऊस पडत होता, घास जागचा हलला नाही. म्हातारी दिसली नाही, गवतवाली दिसली नाही, पानं खुडणारी दिसली नाही. ठकूबाईनं वाट पाहिली नाही. आपला घास खाल्ला, हात धुतले, घाट उतरली. उतार उताराला मिळाला, वाट गावाला मिळाली. दिवेलागणीला दाराची कडी काढली. भिजली होती, दमली होती, पोचली होती.

आता तुम्ही विचाराल, हौसाला पुढं मूल झालं का? नाही झालं. मग व्रताला फळ कुठलं? तर ऐका. ठकूबाई दर श्रावणात गेली, दर श्रावणात जेवली. पाणवठ्यावरच्या बायांना बोलायला दुसरा विषय शोधावा लागला. हौसाच्या घरी सवत आली नाही. ठकूबाई थकली, तिच्यानं घाट चढवेना, तेव्हा हौसा शिदोरी घेऊन अल्याड आली, आईच्या चुलीवर आईला रांधून घातलं. शेवटचा घास लेकीच्या हातचा मिळाला. ज्यांना मुलं आहेत, त्यांतल्याही किती जणींना हे मिळतं ते आपापल्या मनाशी मोजा.

हा वसा कुणी घ्यावा? जिची लेक परगावी नांदते तिनं घ्यावा. कधी घ्यावा? श्रावणात घ्यावा, पाऊस धरून बसला असताना घ्यावा. काय करावं? चालवेल तितकं चालावं. लेकीच्या घरी जावं, ओटीवर बसू नये, चुलीपाशी बसावं. आपण होऊन मागावं. वाढेल ते खावं, देईल ते पाणी प्यावं, चुकलं असेल तर चुकलं म्हणावं, चांगलं असेल तर दुसऱ्यांदा मागावं. निघताना शिदोरी बांधून घ्यावी, वाटेत पहिला घास देवीला ठेवावा. लेकीला मूल आहे की नाही, हे या व्रतात विचारत नाहीत. उद्यापन कधी? उद्यापन नाही. लेक आहे तोवर वसा आहे.

वसा घेताना देवी पुसते, लाजशील, रुसशील, घेतला वसा टाकशील. तेव्हा सांगावं, लाजणार नाही, रुसणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.

जशी वाटजाई ठकूबाईला पावली, तशी ऐकणाऱ्या बायांना पावो. ज्यांच्या लेकी दूर आहेत, त्यांच्या वाटा सरळ होवोत. जिथून निघाल तिथला घास पदरी असो, जिथं पोचाल तिथं चूल पेटती असो. साठां कोसांची ही कहाणी पांचां कोसांत घरी पोचली, सुफळ संपूर्ण झाली.